हालचालींच्या विकारांवरील मेंदूची शस्त्रक्रिया

कंपवात, डिस्टोनिया यांसारख्या हालचालींच्या विकारांत औषधे अपुरी पडू लागली, की निवडक रुग्णांवर मेंदूची शस्त्रक्रिया केली जाते. तिच्या सध्या रूढ असलेल्या प्रमुख प्रकारास डीप ब्रेन स्टिम्युलेशन म्हणजेच डीबीएस म्हणतात. तिने लक्षणे कमी होतात. मूळ आजार बरा होत नाही.

इतिहास

१९५२ साली अमेरिकेत अर्व्हिंग कूपर हे कंपवाताच्या एका रुग्णावर शस्त्रक्रिया करीत असताना मेंदूतील एक धमनी दुखावली व ती बंद करावी लागली. शस्त्रक्रिया अर्धवट राहिली. परंतु रुग्णाचा कंप व ताठरपणा नाहीसा झाला आणि हातापायांतील बळ कायम राहिले. पुढे थॅलॅमसचा अल्प भाग नष्ट करण्याच्या शस्त्रक्रिया प्रचलित झाल्या. लेव्होडोपा हे औषध आल्यावर त्या मागे पडल्या. १९८७ मध्ये फ्रान्समधील ग्रनोब्ल येथे आलिम लुई बेनाबिद व पिएर पोलाक यांनी मेंदूचा भाग नष्ट न करता, विजेच्या सततच्या सूक्ष्म स्पंदांनी कंप आवरण्याची पद्धत सुरू केली. महाराष्ट्रात १९९०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या जसलोक रुग्णालयात परेश दोशी यांनी ती आणली.

कार्यपद्धती

कवटीला लहान छिद्र पाडून बारीक तार सबथॅलॅमिक न्यूक्लियस किंवा अन्य केंद्रापर्यंत नेतात. मेंदूला स्वतःला वेदना जाणवत नसल्याने रुग्णास पुष्कळदा जागे ठेवतात, मूठ उघडमीट करावयास व बोलावयास सांगतात आणि त्यावरून तारेची जागा निश्चित करतात. छातीच्या वरच्या भागात कातडीखाली बसविलेले बॅटरीचे यंत्र स्पंद पुरविते.

मर्यादा

लेव्होडोपाने जी लक्षणे सुधारतात, तीच साधारणपणे या शस्त्रक्रियेनेही सुधारतात. कंप हा त्यास अपवाद होय. तोल जाणे, बोलणे अस्पष्ट होणे व स्मृतिभ्रंश यांवर तिचा फारसा उपयोग नाही. रक्तस्राव व जंतुसंसर्ग हे धोके संभवतात. नंतरही स्पंदांची मात्रा जुळविण्यासाठी वारंवार तज्ज्ञाकडे जावे लागते. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यातील कुटुंबाने यंत्राच्या किमतीइतकाच या फेऱ्यांचाही हिशेब आधी करणे इष्ट.

चालण्यातील प्रत्येक दोष या शस्त्रक्रियेच्या कक्षेत येत नाही. भंडारा जिल्ह्यात धानानंतर बांध्यांत लाखोळी पिकते. तिची डाळ दीर्घकाळ मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास पाय ताठरतात व लुळे पडतात. यास लॅथिरिझम म्हणतात. त्यात पायांचे नियंत्रण करणाऱ्या चेतापेशींचीच कायमची हानी झालेली असते. तेथे डीबीएस करीत नाहीत. आहार बदलणे, व्यायाम व ताठरपणा कमी करणारी औषधे एवढेच उपाय उरतात.