दूध कशात तापवता?

सोलापुरात शिक्षकांच्या एका शिबिरात पोटाच्या विकारांवर बोलण्यासाठी माझे एक मित्र आणि मी असे दोघे गेलो होतो. मित्र पोटविकारतज्ज्ञ आहेत, मी प्रयोगशाळेत काम करणारा रसायनशास्त्राचा संशोधक. अधूनमधून आम्ही अशी जोडीने भाषणे करतो. विषमज्वर, कावीळ, जंत आणि ते टाळायचे कसे हे ते सांगतात. पाणी कसे तपासावे, क्लोरीन किती घालावे ही बाजू माझ्याकडे असते. त्या दिवशी शेवटी एका बाईंनी विचारले, "आम्ही स्टील काढून पुन्हा पितळेची भांडी आणली आहेत. नातवाचं दूधसुद्धा त्यातच तापवते. पोटाला चांगलंच ना ते?"

मित्र म्हणाले, "बाई, बाकीचं नंतर बोलू. बाळाचं दूध आजपासून स्टीलमध्ये तापवा."

सभागृहात थोडी चुळबुळ झाली. आजी-पणजीच्या भांड्यांना नावे ठेवलेली कुणाला आवडत नाहीत. पण या उत्तरामागे जवळजवळ शंभर वर्षांची एक शोधकथा आहे आणि तिचा महत्त्वाचा भाग पुण्यात घडला आहे. ती पाच मिनिटांत सांगून होण्यासारखी नव्हती, म्हणून येथे लिहीत आहे.

माझ्या आजीचा पहिला मुलगा दीड वर्षाचा होऊन गेला. "त्याला लिव्हर झालं होतं," एवढेच ती सांगे. यकृत हा अवयव प्रत्येकालाच असतो, मग 'लिव्हर होते' म्हणजे काय, असा प्रश्न मला लहानपणी पडे. त्या पिढीतल्या पुष्कळ घरांत हा शब्दप्रयोग ऐकू येई. धडधाकट, गुटगुटीत मूल सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या वयात एकाएकी किरकिरे होई. बारीक ताप, अन्नावरची वासना जाणे, आणि मग पोट फुगू लागे. डॉक्टरांनी हाताने चाचपले तर बरगडीखाली टणक, धारदार कडेचे यकृत लागे. पुढे कावीळ, पोटात पाणी आणि बहुतेक वेळा काही महिन्यांत मृत्यू. एका घरात एक मूल गेले की पाठच्या भावंडालाही तेच होण्याची भीती असे, आणि ती खोटी नसे.

या रोगाचे पहिले वर्णन १८८७ साली कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनी केले. पुढे त्याला 'इंडियन चाइल्डहूड सिऱ्हॉसिस' असे नाव पडले. आपण त्याला भारतीय बालयकृत-काठिण्य म्हणू. नावातच 'भारतीय' आहे, कारण तो जवळजवळ आपल्याच देशात दिसे. देशातही तो सगळीकडे सारखा नव्हता. खेड्यांतल्या आणि लहान गावांतल्या, खाऊनपिऊन सुखी अशा हिंदू कुटुंबांत तो अधिक आढळे; अगदी गरिबांच्या झोपडीत कमी. बालकांचे बहुतेक रोग गरिबीचा माग काढत जातात. हा मात्र उलट्या दिशेने चालला होता.

कारणांचे तर्क पुष्कळ झाले. एका घरातली भावंडे दगावतात म्हणून तो आनुवंशिक असावा, असे काही म्हणत. काहींना विषाणूचा संशय होता, काहींना आईच्या आहाराचा. १९७० च्या सुमारास शेंगदाण्यावर वाढणाऱ्या बुरशीच्या विषावर, अफ्लाटॉक्सिनवर, बोट ठेवले गेले. (शेंगाचटणीच्या गावात राहणाऱ्या आम्हा सोलापूरकरांना हा संशय विशेष झोंबला असता.) प्रत्येक तर्काला थोडा आधार सापडे, आणि थोडे पुढे गेले की तो तुटे.

धागा हाती लागला तो एका रंगामुळे. ऊतींचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यापूर्वी रंगवावे लागतात. ऑर्सीन नावाच्या रंगाने तांब्याला धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचे कण गडद तपकिरी दिसतात. १९७८ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील पोर्टमन, टॅनर, मोवॅट आणि विल्यम्स यांनी या रोगाने आजारी मुलांच्या यकृताचे काप ऑर्सीनने रंगवले, तेव्हा पेशीच्या पेशी अशा कणांनी भरलेल्या दिसल्या. पुढच्याच वर्षी हान्स पॉपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत भारतीय विकृतिशास्त्रज्ञ एन. सी. नायक होते, पेशींतल्या तांब्याचा आणखी पुरावा मांडला. निरोगी माणसाच्या यकृतात, कोरड्या वजनाच्या एका ग्रॅमला साधारण पन्नास मायक्रोग्रॅमपर्यंत तांबे असते. या मुलांत ते आठशेच्या वर, कित्येकदा हजाराच्याही पुढे जाई.

आता येथे घाई करून चालणार नव्हते. यकृतात तांबे साठले म्हणून यकृत बिघडले, की यकृत बिघडल्यामुळे तांबे बाहेर पडेनासे झाले? शरीरातले जादा तांबे पित्तावाटेच बाहेर जाते, त्यामुळे दुसरी शक्यताही खरी असू शकते. शिवाय विल्सनचा रोग म्हणून एक आनुवंशिक विकार आहे, त्यातही यकृतात तांबे साठते. पण तो या वयात सहसा दिसत नाही, आणि त्यात रक्तातले सेरुलोप्लास्मिन हे तांबेवाहक प्रथिन बहुधा कमी असते. या मुलांत ते कमी नव्हते. तेव्हा तांबे आतल्या दोषामुळे साठत नसून बाहेरून येत असले पाहिजे, असे वाटू लागले. कोठून?

हा प्रश्न घेऊन यकृततज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर पुण्याच्या केईएम रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञ डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांच्याबरोबर काम करू लागले. अशी मुले पुण्यात उपचाराला येत होती, आणि त्यांच्या आयांशी मराठीत बोलणारे डॉक्टर तेथे होते. मला वाटते, या शोधात सूक्ष्मदर्शकाइतकेच हे बोलणेही मोलाचे ठरले. रोगाचा इतिहास विचारताना डॉक्टर ताप कधी आला, शी कशी होते हे विचारतातच. येथे प्रश्न स्वयंपाकघरात शिरले. अंगावरचे दूध किती दिवस पाजले? वरचे दूध कधी सुरू केले? ते कशात तापवले? तापवून किती वेळ त्यातच ठेवले?

उत्तरात पुन:पुन्हा पितळ येत होते. १९८३ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात या गटाने आपले निष्कर्ष मांडले: तांबे उतरलेले गाई-म्हशीचे दूध बाळाला फार लवकर सुरू करणे हे या रोगाचे कारण असावे. नुसते आजारी मुलांचे विचारून मात्र भागत नाही. त्या काळी पितळेचे भांडे कोणाच्या घरी नव्हते? म्हणून पुढे प्रत्येक आजारी मुलाच्या जोडीला एक निरोगी मूल घेऊन दोघांच्या संगोपनाची तुलना केली गेली. ती १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. आजारी मुलांना वरचे दूध लवकर मिळाले होते आणि ते पितळेच्या भांड्यातले असण्याचे प्रमाण खूपच जास्त होते.

आता रसायनशास्त्राकडे वळू. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. त्यात तांब्याचा वाटा निम्म्याहून अधिक असतो. पितळेत ताक ठेवले तर ते 'कळकते' हे आपल्या आज्यांना पक्के ठाऊक होते. या क्रियेसाठी मराठीत स्वतंत्र क्रियापद आहे. ताकातले आम्ल धातूवर क्रिया करते, तांब्याचे क्षार तयार होतात, चव बिघडते, कधी हिरवट झाक दिसते. म्हणून तर कल्हई. कल्हईवाला भांडे तापवून त्यावर नवसागर टाकी, पांढऱ्या धुराचा लोट उठे, त्याने धातूवरचा गंज निघून जाई. मग कथील लावून कापसाच्या बोळ्याने तो ते फिरवी. कथील अवघ्या २३२ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे कोळशाच्या लहानशा भट्टीवर हे काम होई. ताक, आमटी, चिंचेचे सार अशा आंबट पदार्थांची भांडी कल्हई केलेली असावीत याबद्दल घरोघर दक्षता असे.

दुधाबद्दल ती नव्हती. दूध आंबट नाही, ते कळकत नाही. आमच्या घरचा दुधाचा पितळी गंज आतून सोन्यासारखा घासलेला असे, आणि त्या लकाकीचा आजीला अभिमान होता. प्रत्येक वेळी चिंचेने घासून धातूचा ताजा पृष्ठभाग उघडा करायचा आणि त्यात दूध तापवून तासन् तास ठेवायचे. दुधातले केसीन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवते. ओनील आणि टॅनर यांनी १९८९ मध्ये दाखवले की पितळी भांड्यातून दूध तांबे चांगलेच उचलते. ताकाने चवीतून दिलेली सूचना दूध देत नाही, एवढाच फरक.

हेच दूध घरातली मोठी माणसेही पीत. त्यांना काही झाले नाही, कारण मोठ्या माणसाचे यकृत जादा तांबे पित्तावाटे काढून टाकते आणि त्याचा आहारही मिश्र असतो. तान्ह्या बाळाचे तसे नाही. आईच्या पोटातल्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळ यकृतात तांब्याची शिदोरी भरून घेते; जन्मतः त्याच्या यकृतातले तांबे मोठ्या माणसाच्या कितीतरी पट असते. आईच्या दुधात तांबे कमी असते आणि या शिदोरीवर पहिले महिने निभतात. तांबे बाहेर टाकण्याची त्याची क्षमता अजून कच्ची असते. अशा भरलेल्या कोठारात रोज आणखी ओतत राहिले तर काय होणार! अगदी गरीब घरात मूल दीर्घकाळ अंगावर पीत असे, आणि वरचे दूध मिळालेच तर मातीच्या किंवा अल्युमिनियमच्या भांड्यातले. सुखवस्तू घरात म्हैस होती, पितळ होते आणि बाळ लवकर गुटगुटीत व्हावे ही हौसही होती. रोगाची उलटी दिशा येथे उलगडते.

या गटाने उपचारही करून पाहिले. शरीरातले तांबे लघवीवाटे बाहेर काढणारे पेनिसिलामाइन हे औषध विल्सनच्या रोगासाठी आधीपासून वापरात होते. कावीळ दिसण्यापूर्वी ते सुरू केले तर काही मुले वाचू लागली. ज्या रोगात आई-वडिलांना धीर देण्यापलीकडे काही करता येत नव्हते, तेथे हे लहान यश नव्हे. तरी खरे काम झाले ते प्रतिबंधाचे. ज्या घरात एक मूल दगावले होते तेथे पुढच्या बाळासाठी सल्ला साधा होता: अंगावर पाजा, वरचे दूध द्यायची वेळ आली तर पितळ-तांब्यात ठेवू नका. १९९२ मध्ये पुणे आणि चंडीगढ येथील डॉक्टरांनी टॅनर यांच्यासह या प्रतिबंधावर निबंध लिहिला, तोपर्यंत रोग ओसरू लागला होता. काही वर्षांत नवे डॉक्टर तो फक्त पुस्तकात वाचू लागले.

श्रेय कोणाला द्यायचे? डॉक्टरांचा सल्ला पोहोचला त्या घरांपेक्षा स्टील पोहोचलेली घरे कितीतरी अधिक होती. जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देणाऱ्या बोहारणी गल्लोगल्ली फिरत होत्या. पितळ मोडीत निघत होते. सेलमचा स्टेनलेस स्टीलचा कारखाना १९८१ मध्ये सुरू झाला. आमच्या आजीनेही आपला गंज मोडीत घातला, पण कल्हईचा खर्च परवडेना म्हणून. यकृताचा विचार करून नव्हे. आणि हेही सांगितले पाहिजे की तिचा मुलगा याच रोगाने गेला असे मी म्हणू शकत नाही. त्याच्या यकृताचा काप कोणी पाहिलेला नव्हता.

'भारतीय' हे विशेषणही पुढे सैल झाले. ऑस्ट्रियाच्या टायरोल भागात १९०० ते १९७४ या काळात १३८ बालके तशाच यकृतविकाराने दगावल्याची नोंद म्यूलर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केली. तेथील शेतकरी कुटुंबे गाईचे दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात तापवून बाळाला देत. भांडी बदलली, रोग गेला. आल्प्सच्या कुशीतल्या आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या आयांची चूक एकच होती.

पण कोडे पुरते सुटलेले नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील तीन गावांच्या नळाच्या पाण्यात लिटरला आठ मिलिग्रॅमहून अधिक तांबे होते. १९९४ मध्ये शाइनबर्ग आणि स्टर्नलीब यांनी तेथील लहान मुलांच्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. यकृतविकाराने एकही मृत्यू आढळला नाही. म्हणजे तांब्याच्या जोडीला मुलाच्या अंगचा काही आनुवंशिक दुबळेपणाही लागत असावा. टायरोलच्या वंशावळींवरूनही म्यूलर यांना तसेच वाटले. पितळाचा इतिहास नसलेल्या काही मुलांतही हा विकार आढळल्याच्या नोंदी आहेत.

शिबिरातल्या बाईंना आम्ही नंतर सविस्तर उत्तर दिले. मोठ्या माणसांनी तांब्याच्या तांब्यातले साधे पाणी प्यायला हरकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला दोन मिलिग्रॅम तांबे ही मर्यादा घालून दिली आहे, आणि साध्या पाण्यात रात्रभरात सहसा त्याहून पुष्कळ कमी उतरते. अशा पाण्यात अतिसाराचे जंतू मरतात हेही बंगळूरच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले आहे. लिंबू, ताक, आमटी कल्हईशिवाय नको. आणि बाळाचे दूध कोणत्याही परिस्थितीत नको.

शाळेत हे दाखवणे सोपे आहे. तांब्याच्या तारेचे घासलेले तुकडे काचेच्या पेल्यात लिंबाच्या रसात चारपाच दिवस उघडे ठेवा. रस गाळून त्यात अमोनियाचे द्रावण थेंबथेंब घाला. निळा रंग आला तर तो उतरलेल्या तांब्याचा. चाखू मात्र कोणाला देऊ नका, आणि अमोनिया खिडकी उघडून शिक्षकांनीच हाताळावा.

निघताना त्या बाईंनी आणखी एक प्रश्न विचारला: तो आनुवंशिक दोष कोणता, हे आता शोधता येणार नाही का? जनुके वाचण्याची साधने आज आहेत, तेव्हा नव्हती. मित्र म्हणाले, साधने आहेत, पण तपासायला रुग्ण हवेत. इतक्या वर्षांच्या व्यवसायात त्यांनी स्वतः या रोगाचे एकही मूल पाहिलेले नाही.