ख्रिस्तपुराणातील जन्मकथा : दैवी रक्षण व मार्गदर्शनाची कल्पना

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे पुढील आयुष्य प्रामुख्याने साष्टी प्रांतात गेले. त्यांचे ओवीबद्ध मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रोमन लिपीत प्रथम छापले गेले. पूर्वीची पुराणे वर्ज्य ठरली, तर त्यांच्या जागी वाचावे काय, हा एका नवख्रिस्ती ब्राह्मणाचा प्रश्न ग्रंथारंभीच येतो. या ग्रंथातील येशूजन्माची कथा त्या प्रश्नाच्या संदर्भात पाहावी लागते.

राजाला भयभीत करणारे भाकीत, बालहत्या आणि रात्रीच्या अंधारात सीमेपार नेलेले मूल, ही घडण साष्टीच्या श्रोत्यांना कृष्णचरित्रामुळे सुपरिचित होती. तथापि साम्य येथेच संपते. वसुदेवाच्या बेड्या गळून पडतात, पहारेकरी निद्राधीन होतात, यमुना वाट देते. ख्रिस्तपुराणातील कथेला आधारभूत असलेल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात असे काहीच घडत नाही. मागी लोकांना तारा वाट दाखवितो, परंतु हेरोदाची तलवार कोणी अडवीत नाही. योसेफास स्वप्नात आज्ञा होते : ऊठ, बालक व त्याची आई यांना घेऊन मिसर देशात जा. पुढची वाट त्याने स्वतःच चालावयाची असते. परतण्याची आज्ञा आणि गालीलाकडे वळण्याची सूचनाही स्वप्नातूनच मिळते. येथे रक्षण म्हणजे वेळेवर मिळालेली सूचना, आणि तीही एकाच घराला. बेथलेहेमातील इतर मातांना स्वप्न पडत नाही. भागवतात कृष्ण देवकीचे मारले गेलेले सहा पुत्र सुतलातून परत आणतो; मत्तय मात्र राहेलीच्या विलापाचे यिर्मयाचे वचन उद्धृत करून थांबतो. कथेतील ही जखम त्याने झाकलेली नाही, हे विशेष.

साष्टीत या कथेला आणखी एक संदर्भ होता. १५६७ मध्ये तेथील देवळे पाडण्यात आली. कुशस्थळीचा मंगेश व केळशीची शांतादुर्गा यांना भक्तांनी जुवारी ओलांडून आदिलशाही अमलातील अंत्रूज महालात नेले. तेथे माणसांनीच देवाला वाचविले होते. राजसत्तेच्या भयाने सीमा ओलांडणाऱ्या पवित्र कुटुंबाची कथा धर्मांतरितांनी ऐकली, तेव्हा नदीपलीकडे गेलेले आप्त त्यांना आठवले नसतील, असे मानणे कठीण आहे. कथा सांगणारे धर्मोपदेशक मात्र देवळे पाडणाऱ्या सत्तेच्याच आश्रयाने आलेले होते. हा विरोधाभास ख्रिस्तपुराणाच्या केवळ भाषासौंदर्याचा गौरव करणाऱ्या अभ्यासात सहसा दुर्लक्षित राहतो.

पुढे १६८४ मध्ये व्हाइसरॉयने स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज अंगीकारण्याचा हुकूम काढला. ख्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ व १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांतून, आणि गोव्यातून दक्षिणेस स्थलांतर केलेल्या ख्रिस्ती समाजातही तो जपला गेला. हस्तलिखितांच्याच आधारे जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे तो पुन्हा छापला.