दारिद्र्य: पुण्य की अन्याय?

दारिद्र्य ही देवाचीच इच्छा, ते निमूट सोसावे, असा उपदेश लॅटिन अमेरिकेतील गरिबांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकला. पेरू देशातील लिमा शहरात गरिबांमध्ये राहून सेवा करणारे कॅथलिक धर्मगुरू गुस्ताव्हो गुतिएरेझ यांना तो पटेना. १९७१ साली त्यांचा ग्रंथ निघाला आणि ‘मुक्तीचे धर्मशास्त्र’ हे नाव जगभर गेले.

दारिद्र्याचे त्यांनी तीन अर्थ उलगडले. अन्नवस्त्रावाचून होणारी परवड हा पहिला. हे पुण्य नव्हे, देवाला नको असलेले अनिष्ट आहे. देवापुढे लेकरासारखे रिकाम्या हातांनी उभे राहणे हा दुसरा. गरिबांवरील प्रेमापोटी त्यांचे जिणे पत्करून अन्यायाला विरोध करणे हा तिसरा. पहिल्यालाच दुसरा समजले, की भुकेल्याला केवळ संतोषाचा उपदेश मिळतो.

गरिबी का निर्माण होते हे समजून घेताना यातील काहींनी मार्क्सचा आधार घेतला. पण मार्क्स तर देवच नाकारणारा! वर्गसंघर्षाचा विचार जसाच्या तसा घेतला तर श्रद्धा राजकारणात विरून जाईल, असा इशारा व्हॅटिकनने १९८४ साली दिला. गरिबांची बाजू घेऊ नका, असे मात्र त्यात म्हटले नव्हते.

एल साल्व्हादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो मार्क्सवादी नव्हते. दडपशाही थांबवा, असे त्यांनी सैनिकांना बजावले. दुसऱ्याच दिवशी, २४ मार्च १९८० रोजी, उपासना चालू असताना त्यांना गोळी घालण्यात आली. २०१८ साली चर्चने त्यांना संत म्हणून घोषित केले.

भुकेल्याची भाकरी मागायला मार्क्स लागतोच असे नाही. देवावरची श्रद्धाही पुरते.