लिटरमागे २०० किलोमीटर : एका विसरलेल्या स्पर्धेचा इतिहास

१/ १९८५ साली अमेरिकेत एका छोट्या मोटारसायकलने एका गॅलनमागे ४७० मैलांची नोंद केली. मेट्रिक मापात हे लिटरमागे जवळपास २०० किलोमीटर होतात. इंजिन साधेच होते. मुख्यतः पालटला होता तो गाडीचा आकार. तरीही कोणत्याही मोठ्या कंपनीने तशी गाडी बाजारात आणली नाही. त्यामागच्या कारणांचा हा इतिहास. #थ्रेड

२/ १९७९ च्या इराणी क्रांतीनंतर खनिज तेलाचे भाव दुपटीहून अधिक वाढले. अमेरिकेत पंपांवर रांगा लागल्या. कॅलिफोर्नियात तर नंबरप्लेटच्या सम-विषम आकड्यानुसार पेट्रोल मिळू लागले. महामार्गांवरील ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची वेगमर्यादा १९७४ पासूनच लागू होती. तीही आधीच्या तेलसंकटाचीच देणगी.

३/ या काळात क्रेग व्हेटर या अभिरचनाकाराने एक साधा प्रश्न विचारला : एका माणसाला महामार्गाच्या वेगाने, आरामात नेण्यासाठी किमान किती इंधन पुरेल? व्हेटर यांचे ‘विंडजॅमर’ हे फेअरिंग, म्हणजे मोटारसायकलपुढे बसवायचे वारारोधक कवच, अमेरिकाभर खपले होते. कंपनी विकून मोकळे झालेल्या व्हेटर यांनी १९८० मध्ये इंधनबचतीची स्पर्धा सुरू केली.

४/ प्रयोगशाळेत रांगत जाऊन विक्रम करणाऱ्या यंत्रांत त्यांना रस नव्हता. गाडी खऱ्या रस्त्यावर, खऱ्या वेगाने धावणारी आणि रोजच्या उपयोगाची असावी, हा त्यांचा आग्रह होता.

५/ प्रश्नाचे मूळ हवेत होते. वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती आठपट. सरळ बसलेल्या स्वारासह मोटारसायकल दिसते लहान, पण तिचा आकार हवेला फार प्रतिकूल असतो. मागे उठणारे भोवरे तिला सतत मागे ओढतात. महामार्गावर छोट्या इंजिनाची बरीचशी शक्ती यातच खर्च होते.

६/ म्हणून स्पर्धकांनी गाडीला थेंबाचा आकार दिला : पुढून गोलसर, मागे लांबट निमुळती शेपटी. स्वाराची बैठक खाली आली, पाय पुढे सरकले.

७/ दुसरा बदल स्प्रॉकेटचा. रोध घटल्यावर शक्ती कमी लागते. मग पुढचे स्प्रॉकेट मोठे किंवा मागचे लहान करता येते. त्याच वेगाला इंजिन कमी फेऱ्यांत चालते आणि घर्षणात वाया जाणारे इंधन वाचते. त्याची किंमतही असते : पिकअप मंदावतो आणि चढावर गिअर उतरवावा लागतो.

८/ हे ज्ञान नवे नव्हते. १९५६ मध्ये अमेरिकेतील बॉनव्हिलच्या मिठागरावर जर्मन एनएसयू कंपनीची गुस्ताव बाउम यांनी आखलेली बंदिस्त गाडी अवघ्या ५० सीसी इंजिनावर ताशी सुमारे १९६ किलोमीटर धावली होती. परंतु पूर्ण कवचाची गाडी आडव्या वाऱ्यात डगमगते. या धोक्यामुळे १९५८ पासून जागतिक शर्यतींत अशा कवचांवर बंदी आली आणि कारखान्यांचे या आकाराकडील लक्ष उडाले.

९/ व्हेटर यांच्या स्पर्धेने तो धागा पुन्हा उचलला. चार्ली पेरेथियन यांनी बनवलेली ‘रायफल-यामाहा’ ही स्पर्धेतील गाडी आज वॉशिंग्टनमधील राष्ट्रीय संग्रहालयाच्या संग्रहात आहे. संग्रहालयापर्यंत ती पोहोचली, शोरूमपर्यंत मात्र नाही.

१०/ १९८५ नंतर स्पर्धा थांबली. १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळून जवळपास निम्म्यावर आले. पेट्रोल स्वस्त झाल्यावर विचित्र दिसणाऱ्या, वाऱ्यात डगमगणाऱ्या गाडीसाठी पैसे कोण मोजणार? उत्तर तयार होते. प्रश्न विचारणारे गिऱ्हाईक उरले नव्हते.

११/ भारतातील चित्र याच्या उलट होते. त्याच १९८५ मध्ये हिरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी १०० आली. टू-स्ट्रोक इंजिनात न जळलेल्या इंधनाचा काही भाग धुराड्यातून निसटतो; फोर-स्ट्रोकने तो वाचवला. शहरातल्या मंद वेगात हवेचा रोध गौण असल्याने येथे आकारापेक्षा इंजिनातील बचत मोलाची ठरली. शिवाय पगाराच्या मानाने पेट्रोल येथे कधीच स्वस्त नव्हते. गरज टिकली, म्हणून तंत्रही टिकले.

१२/ तेल पुन्हा महागल्यानंतर, २०१० मध्ये, व्हेटर यांनी स्पर्धेचे पुनरुज्जीवन केले. आज विजेवरच्या दुचाकीची बॅटरी महामार्गावर शहरापेक्षा लवकर उतरते, तेव्हा तेच जुने गणित समोर येते. टाकीत पेट्रोल असो वा बॅटरीत वीज, ताशी ८० किलोमीटरला हवा तितकीच आडवी येते.