मागणीनुसार डायल-अप जोडणी : राउटिंगमधील दोष व निदान

बाहेरच्या नेटवर्कसाठी पॅकेट निघाले की मोडेमने आपोआप नंबर फिरवायचा आणि ठरावीक वेळ देवाणघेवाण झाली नाही की फोन ठेवून द्यायचा, अशा जोडणीला मागणीनुसार डायल-अप म्हणतात. तिच्यात दोन कामे वेगवेगळी असतात : फोन लावणे हे मोडेमचे काम आणि कोणते पॅकेट कोणत्या वाटेने पाठवायचे हे राउटिंग टेबलचे. ‘नेट चालत नाही’ ही तक्रार बहुधा लाइनच्या माथी मारली जाते. पण नंबर लागूनही पाने उघडत नसतील, तर आधी राउटिंग तपासावे.

पार्श्वभूमी : विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, सुरुवात महानगरांतून झाली. भारत संचार निगमने १ ऑक्टोबर २००० पासून कारभार हाती घेतला. त्याच्या संचारनेट सेवेसाठी १७२२२२, तर वेगळे खाते न काढता फोनच्या बिलावरच आकारणी होणाऱ्या नेटवन सेवेसाठी १७२२३३ हा नंबर फिरवावा लागे. परभणीसारख्या जिल्ह्यात, जिथे एका लाइनवर कार्यालयाचे सगळेच संगणक चालवायचे, तिथे मागणीनुसार डायल करण्याची सोय बिल आटोक्यात ठेवण्यासाठी उपयोगी होती.

राउटिंगची रीत : परभणीत बसून स्थानिक नंबर फिरवला तर कॉल गावातल्या एक्स्चेंजमध्येच राहतो, शून्य लावले की बाहेर जातो, पुण्याहून परभणीला लावायचा तर आधी ०२४५२ लागते. राउटिंग टेबलही असाच निवाडा करते. स्थानिक पत्ते लॅन कार्डाकडे जातात आणि ज्यांचा उल्लेख टेबलमध्ये नाही, ते सगळे ‘डीफॉल्ट’ वाटेने मोडेमकडे.

नेहमीचे दोष : (१) नंबर लागतो, पण काहीच उघडत नाही. डायल करणाऱ्या संगणकाच्या लॅन कार्डात आधीच गेटवे (बाहेर जाण्याचा पत्ता) भरलेला असतो. लिनक्सवरील डायल-अप जोडणी सांभाळणारे पीपीपीडी नेहमीच्या मांडणीत असलेली डीफॉल्ट वाट बदलत नाही. लॉगमध्ये ‘नॉट रिप्लेसिंग एक्झिस्टिंग डीफॉल्ट राउट’ एवढे लिहून पुढे जाते. त्या संगणकाच्या लॅन कार्डात गेटवेची जागा रिकामी ठेवणे हा उपाय. याच चुकीमुळे पॅकेट मोडेमकडे फिरकतच नाही आणि नंबरही लागत नाही, असेही घडते.

(२) मुख्य संगणकावर चालते, बाकीच्यांवर नाही. १९२.१६८ ने सुरू होणारे खाजगी पत्ते इंटरनेटवर चालत नाहीत. ते बदलून देणारे ‘नॅट’ आणि पॅकेट पुढे सोडण्याची परवानगी, दोन्ही सुरू हवीत. विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून आलेल्या जोडणी-वाटपात मुख्य संगणकाला १९२.१६८.०.१ हा पत्ता मिळतो. बाकीच्यांनी तोच गेटवे म्हणून घ्यायचा.

(३) पहिला प्रयत्न फसतो, दुसरा लागतो. लाइन नसताना पीपीपीडी स्वतःसाठी १०.६४.६४.६४ सारखा तात्पुरता पत्ता धरून बसते. नंबर लागल्यावर खरा पत्ता मिळतो. पण ज्या पॅकेटमुळे फोन लागला, त्यावर जुनाच पत्ता असतो आणि त्याचे उत्तर परत येत नाही. लिनक्समध्ये ‘आयपी डायनॲडर’ ही सोय यासाठीच आहे.

(४) कोणी वापरत नसताना फोन लागतो. विंडोजची नावे शोधणारी पॅकेट (पोर्ट १३७), डीएनएस (नावावरून पत्ता शोधण्याची) विचारणा, टपाल तपासणी किंवा घड्याळ जुळवणे ही कारणे असतात. टीसीपीडम्प हे पॅकेट दाखवणारे साधन लावून फोन कोणत्या पॅकेटने लावला ते पाहावे आणि गाळणी लावून ते अडवावे.

(५) दोन कार्यालये जोडलेली असताना एकाच बाजूने जाते. समजा, परभणीच्या कार्यालयाला जिंतूरची वाट माहीत आहे, पण जिंतूरला परतीची नाही. मग पॅकेट पोचते, उत्तर हरवते. विंडोज २००० च्या सर्व्हरवर फोन करणाऱ्याचे वापरकर्ता-नाव उत्तर देणाऱ्या बाजूच्या डायल-इंटरफेसच्या नावाशी जुळावे लागते. न जुळल्यास सर्व्हर त्याला एकटा ग्राहक समजतो आणि परतीची वाट जोडत नाही.

तपासणीचा क्रम : आधी टेबल पाहावे (विंडोजवर ‘राउट प्रिंट’, लिनक्सवर ‘राउट -एन’). डायल करणाऱ्या संगणकावर डीफॉल्ट वाट एकच आणि ती पीपीपी (डायल-अप) इंटरफेसकडे असावी. मग बाहेरच्या एखाद्या आकडी पत्त्याला पिंग करावे, नंतर नावाला. आकडा लागतो, पण नाव लागत नाही, तर दोष राउटिंगचा नसून डीएनएसचा समजावा. भारनियमनाच्या गावांत आणखी एक गोष्ट पाहावी : विंडोजमध्ये ‘राउट ॲड’ने हाताने घातलेली वाट ‘-पी’ न लावल्यास संगणक पुन्हा सुरू होताच पुसली जाते. काल चाललेली जोडणी वीज जाऊन आल्यावर बंद पडण्याचे हे साधे कारण असते.

सद्यस्थिती : जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगमची डेटावन ब्रॉडबँड सेवा सुरू झाली आणि पुढे नंबर फिरवण्याची गरज संपत गेली. मोबाइल डोंगल मात्र *९९# हा नंबर फिरवून त्याच पीपीपी पद्धतीने जोडले जात. म्हणून वरील बहुतेक दोष तिथेही तसेच आढळत. तक्रार नोंदवताना नंबर लागला की नाही आणि डीफॉल्ट वाट कोणत्या इंटरफेसकडे होती, या दोन गोष्टी आधी लिहाव्यात. निदानाचे निम्मे काम तिथेच होते.