राजी आहे म्हणून काय झालं?

"अहो, तो राजी आहे ना तेवढ्या पैशात? मग तुम्हाला काय त्रास?" कमी मजुरीचा विषय निघाला की हे वाक्य कुठून तरी येतंच. ऐकायला बिनतोड वाटतं. पण सुप्रीम कोर्टापुढे हा मुद्दा फार पूर्वीच येऊन गेलाय.

1948 साली किमान वेतन कायदा झाला. 1952 मध्ये तेव्हाच्या अजमेर राज्यात कापड गिरणीतलं किमान वेतन महिना 56 रुपये ठरलं. परवडत नाही म्हणून बिजय कॉटन मिल्सने 1953 मध्ये गिरणीला टाळं लावलं. आणि मग, बघा ना, बहुतेक कामगारच म्हणाले, आम्हाला 35 रुपये चालतील, पण गिरणी चालू करा! मालक आणि कामगार, दोघंही कायद्याविरुद्ध कोर्टात गेले. 1954 मध्ये दोघंही हरले. कामगार राजी असले तरी किमान वेतन द्यावंच लागेल, असं कोर्टाने सांगितलं.

पुढे 1982. दिल्लीत एशियाडची बांधकामं जोरात होती. मजुरी दिवसाला 9 रुपये 25 पैसे, पण त्यातला एक रुपया जमादार कापून घ्यायचे. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्सने न्या. भगवतींना पत्र लिहिलं, आणि त्या पत्रालाच याचिका मानलं गेलं. निकाल असा, की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं ही घटनेच्या कलम 23 खाली सक्तीची मजुरी. आपल्या भाषेत वेठच की! पाठीवर चाबूक नसला तरी भूक असतेच ना?

1983 मध्ये गोष्ट पुन्हा अजमेरकडे वळली. दुष्काळी कामावर रस्ता बांधणाऱ्या मजुरांना, त्यात बायका बऱ्याच, दिवसाचे ठरलेले 7 रुपये पूर्ण मिळत नव्हते. आम्ही तर मदत म्हणून काम देतोय, असं राजस्थान सरकारचं म्हणणं. कोर्टाने तेही ऐकलं नाही. अडलेल्याच्या गरजेचा फायदा सरकारलाही घेता येणार नाही.

आज काय करता येतं? 1948 च्या कायद्याची जागा आता 2019 च्या वेतन संहितेने घेतली आहे, ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. पूर्वी सहा महिन्यांत दावा लावावा लागे, आता तीन वर्षं मिळतात. अर्ज कामगार स्वतः करू शकतो, त्याची नोंदणीकृत युनियन करू शकते किंवा निरीक्षकही. थकलेल्या रकमेवर दहापटीपर्यंत भरपाई मिळू शकते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, पैसे दिले हे मालकाने सिद्ध करायचं. मजुराकडे पावती नसते, म्हणून हे मोठं.

असो. अर्ज करणाऱ्याचं काम दुसऱ्या दिवशी टिकेल का, ही भीती मात्र 1953 मधल्या त्या गिरणी कामगारांचीच आहे. म्हणून एकट्यापेक्षा युनियनने केलेला अर्ज बरा. तुमच्या ओळखीत कुणी अशा मजुरीत अडकलं असेल, तर एवढं त्यांच्या कानावर नक्की घाला.