न पाहता लिहिणारे यंत्र
कचेरी म्हटले की वर्षानुवर्षे आपल्या कानांत टंकलेखन यंत्राची टकटक येई. अशा अगदी सुरुवातीच्या यंत्रांपैकी एक मात्र कचेरीसाठी बनलेच नव्हते. इटलीतील पेल्लेग्रिनो तुर्री याने ते कारोलिना फान्तोनी या आपल्या अंध मैत्रिणीसाठी तयार केले, असे मानतात. यंत्र हरवले, तिची १८०८ पासूनची टंकलिखित पत्रे उरली आहेत. १८७४ मध्ये रेमिंग्टनचे यंत्र बाजारात आले. पुढे कळांकडे न पाहता टंकलेखन करणे हेच डोळसांचे कौशल्य ठरले!

आपल्याकडे २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत अपंगांसाठी किमान ४ टक्के जागा राखल्या. पण खुर्ची राखीव आणि वाटेत पायऱ्या, तर उणीव माणसात की मांडणीत? आपल्या शाळेतील पायऱ्या विद्यार्थ्यांसह मोजून पाहू या.